स्वयंपाकघरातील चिमणी: ओटा आतल्या भिंतीला असेल तर धूर बाहेर कसा न्यावा?

ओवी_बाणेर (प्रश्न)

नमस्कार. पुण्यात बाणेर येथील आमच्या सदनिकेत स्वयंपाकघराचे काम सध्या सुरू आहे आणि चिमणीच्या बाबतीत दुकानदार, सुतार आणि वायरमन या तिघांनी तीन निरनिराळी मते दिल्यामुळे येथील जाणकारांना विचारावे असे वाटले.

स्वयंपाकघर आठ फूट बाय दहा फूट असून छताची उंची साडेनऊ फूट आहे. ओटा आतल्या भिंतीला लागून आहे आणि त्या भिंतीपलीकडे शयनगृह असल्यामुळे शेगडीच्या मागे सरळ भोक पाडून धूर बाहेर सोडणे शक्य नाही. उजव्या हाताला ड्राय बाल्कनीचे दार असून त्या दारावर काचेचा एक बंद झरोका आहे. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन आणि गॅस गीझर आहे; पावसाची झड आत येते म्हणून आम्ही तिला सरकत्या काचा बसवून घेतल्या आहेत. डाव्या हाताला थोड्या अंतरावर इमारतीचा डक्ट आहे, ज्यात सांडपाण्याचे पाईप आहेत आणि वरच्या-खालच्या घरांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात.

दुकानदाराच्या मते पाईपच्या भानगडीत न पडता कोळशाच्या फिल्टरची, म्हणजे पाईप नसलेली, चिमणी घ्यावी. सुतार म्हणतो की १४०० सक्शनची, म्हणजे हवा ओढण्याची क्षमता जास्त असलेली, मोठी चिमणी घ्या, म्हणजे चार इंची पीव्हीसी पाईपनेही काम होईल आणि तो पाईप कपाटांच्या वर कुणाला दिसणारही नाही. पाईप उजवीकडे ड्राय बाल्कनीतून बाहेर नेला, तर साधारण बारा फूट आणि तीन वळणे होतात; डावीकडे डक्टमध्ये सोडला, तर पाच फुटांत काम होते. वायरमनचे म्हणणे असे, की चिमणीच नको, एक चांगला एक्झॉस्ट फॅन पुरेसा आहे.

आमच्याकडे रोज दोन वेळा फोडणी होते, आठवड्यातून एकदा तरी मासे तळले जातात आणि भाकरी थेट जाळावर भाजली जाते. इमारत सहा वर्षांपूर्वीची आहे आणि भिंतीत साधा खिळा ठोकायचा झाला तरी ड्रिल मशीन आणावे लागते. ओट्याचा ग्रॅनाइट अजून बसलेला नाही. या परिस्थितीत काय करावे?

वातायन

ओवीताई, आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण अगदी शेवटी लिहिले आहे, ते म्हणजे ग्रॅनाइट अजून बसलेला नाही. बहुतेक घरांत आधी शेगडीची जागा ठरते, मग चिमणी विकत घेतली जाते आणि शेवटी पाईप कुठून न्यायचा याची शोधाशोध सुरू होते. हा क्रम उलटा हवा. आधी पाईपची वाट, त्यानंतर शेगडी आणि सर्वांत शेवटी चिमणीचे मॉडेल.

खोक्यावर जो १२०० किंवा १४०० घनमीटर प्रतितास असा आकडा छापलेला असतो, तो साधारणपणे पंख्यापुढे कसलाही अडथळा नसताना मिळणारा आकडा असतो. पाईप, वळणे, बाहेरची झडप आणि तेलाने माखलेला फिल्टर हे सर्व जोडल्यानंतर प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी हवा बाहेर जाते. किती कमी, हे मुख्यतः पाईपवर अवलंबून असते. आता सुताराच्या सूचनेचा हिशेब करून पाहू. चार इंची पाईपचे छेदक्षेत्र सहा इंची पाईपच्या निम्म्याहूनही कमी असते. ताशी १४०० घनमीटर हवा चार इंची पाईपमधून न्यायची म्हटली, तर ती त्या पाईपमधून ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या वेगाने जावी लागेल. घरगुती चिमणीच्या मोटारीला हे शक्य नाही. तेवढ्याच हवेसाठी पाईपमधील दाबाची घट ढोबळमानाने व्यासाच्या पाचव्या घातानुसार बदलते, म्हणजे सहा इंचांऐवजी चार इंच घेतल्यास ती सुमारे साडेसात पट होते. परिणामी मोटार कर्कश आवाज करत राहते, धूर मात्र चिमणीच्या कडेने सुटून छताकडे जातो, आणि घरातील माणसे चिमणीच्या कंपनीला बोल लावतात. पाईपचा व्यास चिमणीच्या तोंडाइतकाच, म्हणजे सहसा सहा इंच, शेवटपर्यंत कायम ठेवावा. वाटेत कुठेही रिड्यूसर, म्हणजे पाईप अरुंद करणारा जोड, लावू नये.

आपल्या खोलीचे आकारमान सुमारे २१ ते २२ घनमीटर आहे. स्वयंपाकघरातील हवा तासाला पंधरा ते वीस वेळा बदलावी असा अंदाज धरला, तर प्रत्यक्षात ताशी ३२० ते ४३० घनमीटर हवा बाहेर गेली तरी खोलीची गरज भागते. तळणाच्या वेळी शेगडीवरचा धूर उठता उठताच पकडायचा असल्यामुळे त्याहून थोडी अधिक धरू. म्हणजे नीट टाकलेल्या सहा इंची पाईपवर १००० ते १२०० ची चिमणी आपल्याला पुरेशी आहे. १४०० साठी जादा पैसे देण्यापेक्षा ते पाईपवर खर्च करावेत.

आता वाट. आपण शेगडीची जागा उजवीकडे, म्हणजे ड्राय बाल्कनीच्या बाजूला, दोन-अडीच फूट सरकवू शकत असाल, तर पाईपची लांबी तेवढी कमी होईल आणि बहुधा एक वळणही वाचेल. एक काटकोनी वळण हे कित्येक फूट सरळ पाईपइतका अडथळा निर्माण करते, त्यामुळे वळण वाचवणे हे लांबी वाचवण्यापेक्षाही अधिक मोलाचे आहे. जिथे वळण टाळता येत नाही तिथे एका टोकदार एल्बोऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन तुकडे जोडावेत. मात्र शेगडी दाराच्या अगदी तोंडाशी आणू नये, कारण दारातून येणाऱ्या वाऱ्याने ज्योत फडफडते आणि धूर चिमणीखालून बाजूला पळतो. शेगडी हलवली की गॅसची जोडणीही हलते आणि ते काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे.

डक्टमध्ये पाईप सोडण्याचा विचार मनातून काढून टाकावा. पाच फुटांचा मोह समजण्याजोगा आहे, परंतु त्या अरुंद जागेत वारा खेळत नसल्यामुळे आपल्या मासळीच्या तळणाचा धूर वरच्या मजल्यांवरील बाथरूमच्या खिडक्यांतून थेट लोकांच्या घरात जाईल, आणि सांडपाण्याच्या पाईपांवर तेलाचा थर बसत जाईल तो वेगळाच.

पाईप नसलेल्या चिमणीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: जिथे बाहेर जाण्याची कोणतीही वाट नाही, तिथेच ती घ्यावी. ती हवा फिल्टरमधून ओढून पुन्हा त्याच खोलीत सोडते. जाळीत तेलाचे कण अडकतात, कोळशात वास काही प्रमाणात अडकतो. परंतु वाफ, उष्णता आणि गॅस जळताना तयार होणारे कार्बन मोनॉक्साइड या तिन्ही गोष्टी घरातच राहतात. कोळशाचा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येत नाही, तो काही महिन्यांनी बदलावा लागतो, आणि रोजच्या फोडणीच्या घरात तो लवकर निकामी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने उच्च तापमानावरील तळणातून निघणाऱ्या धुराचा समावेश मानवामध्ये बहुधा कर्करोगकारक असलेल्या घटकांच्या गटात केलेला आहे. घाबरण्याचे कारण नाही, परंतु बाहेर जाण्याची वाट उपलब्ध असताना धूर घरातल्या घरात फिरवत ठेवण्याचेही कारण नाही.

भिंतीला_कान

वातायन यांच्या उत्तरात भिंतीचा विषय राहिला आहे, आणि आपल्या बाबतीत तोच आधी पाहायला हवा. खिळ्यासाठीही ड्रिल लागते असे आपण लिहिले आहे, त्यावरून आपली इमारत मिव्हान पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकसंध ओतलेली, असण्याची दाट शक्यता आहे. अशा इमारतीत विटांच्या किंवा ब्लॉकच्या पडदीसारखी भिंत क्वचितच असते. जवळजवळ प्रत्येक भिंत आरसीसीची, म्हणजे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटची, असते आणि इमारतीचा भार तीच वाहते. बिल्डरकडून मिळालेल्या पुस्तिकेत कोणत्या भिंती तोडू नयेत हे लिहिलेले असते, ते आधी वाचावे.

कोअर कटिंगवाला हिऱ्याच्या दातांच्या मशीनने आरसीसीतही सात इंची भोक सहज पाडून देतो, पण तेवढ्या भोकात भिंतीतील सळया कापल्या जातात. तुळईत आणि दारा-खिडकीवरील लिंटेलमध्ये तर कोणत्याही परिस्थितीत भोक पाडू नये. आरसीसी भिंतीत पाडायचेच असेल, तर इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी सल्ला घ्यावा. दुकानातून आलेल्या फिटरच्या 'काही होत नाही' या आश्वासनावर विसंबू नये.

सुदैवाने आपल्याला भिंतीला हात लावण्याची गरजच दिसत नाही. दारावर काचेचा जो बंद झरोका आहे, त्यातील काच काढून तिथे एसीपी शीट (ॲल्युमिनियमचे पातळ थर असलेला तक्ता) किंवा जाड ॲल्युमिनियमचा पत्रा बसवावा आणि त्यात गोल भोक कापून पाईप पलीकडे न्यावा. काचेतच गोल भोक करून देतो असे काही जण म्हणतात, पण मोटारीच्या थरथरीने अशी काच पुढे तडकते. झरोक्याची उंची मात्र मोजून घ्या. सहा इंची पाईपला कडेच्या फ्रेमसह किमान आठ इंच मोकळी जागा लागते. ड्राय बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूलाही हेच करावे, म्हणजे सरकत्या काचांच्या वरच्या पट्टीत एक काच काढून तिथे पत्रा बसवावा.

आणखी एक. पुष्कळ घरांत पाईप ड्राय बाल्कनीपर्यंत आणून तिथेच सोडून दिलेला मी पाहिला आहे. उघड्या बाल्कनीत ते एक वेळ चालून जाते, तरी भिंती काळ्या होतातच. आपल्यासारख्या काचबंद बाल्कनीत मात्र तो धूर दाराच्या फटीतून फिरून स्वयंपाकघरातच येईल. पाईप बाहेरच्या हवेपर्यंत गेलाच पाहिजे.

फोडणीप्रेमी

मला वायरमनची बाजू घ्यावीशी वाटते. आमच्या सांगलीच्या घरी ओट्यासमोरच बाहेरची भिंत आहे आणि तिच्यात छताच्या जवळ बारा इंची एक्झॉस्ट फॅन वर्षानुवर्षे चालू आहे. तो चिमणीच्या तुलनेत अगदी स्वस्तात मिळतो, खोलून साबणाच्या पाण्याने धुता येतो आणि बिघडला तर गावातला कोणीही दुरुस्त करतो. चिमणीची चर्चा करताना साध्या पंख्याला उगाच कमी लेखले जाते. शिवाय चिमणी डोक्याच्या उंचीवर येते आणि मोठ्या पातेल्यात डावाने ढवळताना ती मध्ये येते, हा अनुभव घरात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला असेल.

वातायन

फोडणीप्रेमी यांच्या घरी एक्झॉस्ट फॅन योग्यच आहे, कारण तो थेट बाहेरच्या भिंतीत आहे. असा पंखा भरपूर हवा ढकलतो, पण त्याच्यात दाब निर्माण करण्याची ताकद फारच कमी असते. त्याच्यापुढे दहा-बारा फुटांचा पाईप जोडला, तर पाती फिरत राहतात आणि हवा जागच्या जागी घुटमळते. चिमणीतील पंखा पिंजऱ्यासारख्या गोल पात्यांचा असतो आणि तो पाईपचा अडथळा सोसून हवा पुढे रेटतो. ओवीताईंच्या घरी ओट्याला बाहेरची भिंत नाही, म्हणून तिथे एक्झॉस्ट फॅन उपयोगाचा नाही. ज्यांच्याकडे ती भिंत आहे आणि ज्यांचा स्वयंपाक बेताचा आहे, त्यांनी चिमणी न घेतली तरी काही बिघडत नाही, हे मला मान्य आहे.

दोन्ही एकाच वेळी लावण्याचा उत्साह मात्र टाळावा. जवळजवळ असलेला एक्झॉस्ट फॅन चिमणीकडे जाणारा धूर स्वतःकडे ओढतो, आणि धूर खोलीभर पसरत जातो.

हॅम्बुर्गवासी

मी मूळचा नाशिकचा असून सध्या जर्मनीत राहतो आणि इमारतींच्या वायुवीजनाच्या क्षेत्रात काम करतो. वरील उत्तरांत पाईपची चर्चा उत्तम झाली आहे, परंतु आपल्या घरातील गॅस गीझर वाचून मला थोडी काळजी वाटली.

चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते तेवढीच हवा कुठून तरी घरात यावी लागते. ती येण्याची वाट आपण ठेवली नाही, तर घरातील दाब बाहेरपेक्षा किंचित कमी होतो आणि हवा मिळेल त्या फटीतून आत खेचली जाते. अशा वेळी जळणाऱ्या गॅसचा धूर बाहेर जाण्याऐवजी उलट घरात येऊ शकतो. जर्मनीत ज्या घरात खोलीतील हवेवर जळणारी शेगोटी किंवा गॅसचे उपकरण असते, तिथे चिमणीमुळे होणारी दाबातील घट चार पास्कलच्या (पास्कल हे दाबाचे एकक) आत ठेवावी लागते. चार पास्कल हा अतिशय छोटा आकडा आहे, हवेच्या नेहमीच्या दाबाचा जेमतेम पंचवीस हजारावा भाग, तरीही तेवढ्याने धूर उलटू शकतो म्हणून ही मर्यादा आहे. त्यासाठी पुष्कळ घरांत खिडकीला एक स्विच बसवतात. खिडकी उघडी असल्याशिवाय चिमणीला वीजच मिळत नाही.

आता आपल्या घराचा विचार करा. ड्राय बाल्कनी काचबंद आहे, तिथे गॅस गीझर आहे आणि तिचे दार स्वयंपाकघरात उघडते. सकाळी बाथरूममध्ये कोणी गरम पाणी वापरत असताना इकडे चिमणी पूर्ण वेगाने चालू असेल आणि दिवाणखान्याच्या खिडक्या बंद असतील, तर चिमणीला लागणारी हवा बाल्कनीतून, म्हणजे गीझरच्या धुरातून, खेचली जाईल. गीझरला पुरेशी ताजी हवा मिळाली नाही की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस सावध होण्यापूर्वी बेशुद्ध पडतो. बंद बाथरूममधील गॅस गीझरमुळे मृत्यू झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातही हिवाळ्यात येत असतात.

म्हणून माझा आग्रह असा, की चिमणी असो वा नसो, त्या बाल्कनीच्या काचांमध्ये खाली आणि वर कायम उघडे राहील असे झडपांचे लूव्हर बसवून घ्यावे, किंवा गीझरचा धूर स्वतंत्र नळीने थेट बाहेर न्यावा. शक्य असेल तर दोन्ही करावे. चिमणीची आणि गीझरची नळी कधीही एकत्र जोडू नये. चिमणी चालू असताना बाल्कनीचे दार लावावे आणि दिवाणखान्याची खिडकी चार बोटे तरी उघडी ठेवावी. त्यामुळे हवा दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि तिथून चिमणीत अशी सरळ जाईल. धूर पकडण्याच्या दृष्टीनेही हीच दिशा सर्वांत चांगली आहे, कारण आत येणारी हवा लांबून आणि संथ येते.

याच कारणाने काही घरांत चिमणी सुरू केल्यावर गटाराचा वास येऊ लागतो. तिथे नहाणी ट्रॅपमधील पाणी आटलेले असते आणि चिमणी त्या वाटेने हवा ओढत असते. ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो, पण खिडकी उघडी हवी याची ती खूण समजावी.

ओवी_बाणेर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. गीझरचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता. लूव्हर बसवण्याचे काम चिमणीच्याही आधी करून घेत आहोत आणि गीझरच्या नळीबद्दल कंपनीच्या माणसाला बोलावले आहे. बिल्डरची पुस्तिका पाहिली, इमारत मिव्हानचीच आहे. दारावरील झरोका अकरा इंच उंच असल्यामुळे पाईप तिथून जाऊ शकेल. शेगडी उजवीकडे दोन फूट सरकवल्यावर लांबी दहा फुटांच्या आत येते आणि वळणे दोनच राहतात.

आता काही शंका उरल्या आहेत. सुतार अजूनही पीव्हीसी पाईपचाच आग्रह धरतो, कारण त्याच्या मते ॲल्युमिनियमचा घडीचा पाईप फाटतो. संपूर्ण पाईप पीओपीच्या खोट्या छतात बंद करावा असेही त्याचे म्हणणे आहे. चिमणी ओट्यापासून किती उंच लावावी आणि प्लग पॉइंट कुठे काढावा? शिवाय फिल्टर असलेली घ्यावी की फिल्टर नसलेली 'ऑटो क्लीन' प्रकारची, याबाबतीत दुकानातील माहितीवर विश्वास बसत नाही.

वातायन

पीव्हीसीला माझा विरोध आहे. तो गुळगुळीत असतो आणि सांधे पक्के बसतात, हे खरे. परंतु सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास तो मऊ पडू लागतो, आणि कढईतील तेलाने पेट घेतला तर आतून तेलकट झालेला प्लास्टिकचा पाईप ही आग पुढे नेणारी वात ठरतो. आपल्याकडे भाकरीही जाळावर भाजली जाते, म्हणजे चिमणीखाली उघडी ज्योत नेहमीचीच. सर्वांत चांगला पर्याय म्हणजे जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा, गोल पाईप. एअर कंडिशनिंगचे डक्ट बनवणारे कारागीर तो मापाने करून देतात. सांध्यांवर ॲल्युमिनियमची फॉइल टेप गुंडाळावी. साधी सेलोटेप किंवा एम-सील तिथे टिकत नाही. ॲल्युमिनियमचा घडीचा पाईप फक्त चिमणीच्या तोंडाशी, जोडणीपुरता, फूट-दीड फूट वापरावा आणि तोही पूर्ण ताणून. घड्या तशाच राहिल्या तर त्यांत तेल साचते आणि अडथळा सरळ पाईपच्या कितीतरी पट वाढतो.

पाईप बाहेरच्या दिशेला किंचित उतरता ठेवावा, म्हणजे आत साचलेली वाफ आणि बाहेरून शिरलेले पाणी चिमणीत परत येणार नाही. पुण्यात पावसाळ्याचा वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो; आपली बाल्कनी त्या बाजूला असेल, तर शेवटी खाली तोंड असलेले काऊल, म्हणजे पाईपच्या टोकावरची टोपी, लावणे अत्यावश्यक आहे. बाहेरच्या तोंडाला मच्छरदाणीची बारीक जाळी लावण्याची चूक सर्रास केली जाते. ती काही महिन्यांत तेल आणि धुळीने पूर्ण बुजते आणि चिमणी कमकुवत झाली अशी तक्रार सुरू होते. कबुतरांसाठी अर्धा इंची भोकांची जाळी किंवा वाऱ्याने आपोआप मिटणारी झडप पुरेशी आहे. चिमणीच्या तोंडाशीही उलटी हवा अडवणारी झडप येते. फिटर ती बसवायला विसरला नाही ना, हे समोर उभे राहून पाहावे.

खोट्या छतात पाईप झाकायला हरकत नाही, पण प्रत्येक वळणापाशी उघडता येईल असे झाकण ठेवावे. बंद छतात सांध्यातून तेल पाझरू लागले, तर पीओपीवर पिवळा डाग उमटेपर्यंत कळत नाही.

उंचीबाबत चिमणीसोबत आलेल्या पुस्तिकेतील माप अंतिम समजावे. गॅसच्या शेगडीसाठी ते सहसा ६५ ते ७५ सेंटिमीटर असते. हे अंतर ओट्यापासून नव्हे, तर भांडे ज्यावर ठेवतो त्या जाळीपासून मोजायचे असते. ओट्यावर ठेवायची शेगडी असेल तर तीच चार-पाच इंच उंच असते, आणि ओट्यापासून मोजल्यास चिमणी तेवढी जवळ येऊन तापते. ३४ इंचांचा ओटा, त्यात हॉब (ओट्यात खाली बसवलेली शेगडी) आणि वर २८ इंच, म्हणजे चिमणीची खालची कड जमिनीपासून ६२ इंचांवर, पाच फूट दोन इंचांवर, येते. घरातील सर्वांत उंच माणसाला तिथे उभे करून पाहावे. कपाळ आपटत असेल तर तिरक्या काचेची चिमणी घ्यावी, पण मर्यादेपेक्षा वर नेऊ नये, कारण वर नेत जाल तसा धूर कडेने सुटतो. फोडणीप्रेमी यांची डावाची तक्रारही बहुतेक वेळा याच मोजमापाच्या घोळातून येते. रुंदीला चिमणी शेगडीपेक्षा कमी नसावी.

प्लग पॉइंट चिमणीच्या वरच्या नळकांड्याच्या झाकणाशेजारी, हात पोहोचेल असा काढावा. झाकणाच्या मागे दडवला तर दुरुस्तीच्या वेळी पूर्ण चिमणी उतरवावी लागते. सहा अँपिअरचा तीन पिनांचा पॉइंट पुरतो, पण अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. आणि घरात गॅसचा वास येत असेल तर चिमणी लावून तो घालवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. खटक्याची एक ठिणगी पुरेशी असते. आधी रेग्युलेटर किंवा मुख्य कॉक बंद करावा आणि खिडक्या उघडाव्यात.

राहिला फिल्टर. ॲल्युमिनियमची जाळी हवा अडवते आणि लवकर बुजते, शिवाय धुण्याच्या सोड्याने काळी पडते. मी आपल्याला स्टीलचा बॅफल फिल्टर सुचवेन. त्याच्या वाकड्या पट्ट्यांवर आपटून तेल खाली निथळते आणि महिन्यातून एक-दोनदा गरम पाणी, साबण आणि थोडा सोडा घालून तो घरीच धुता येतो. फिल्टर नसलेल्या चिमणीत तेल सरळ पंख्यावर जाते. बटण दाबले की आतील हीटर ते वितळवून खालच्या वाटीत आणतो. ही सोय चांगली आहे, पण ती फक्त पंख्याच्या आसपासचे तेल काढते. पाईपमधील तेलाला तिचा स्पर्शही होत नाही, आणि आपला पाईप लांब आहे. तेल पाईपमध्ये शिरण्याआधीच अडवणे आपल्यासाठी अधिक हिताचे आहे.

भिंतीला_कान

सोसायटीचे तेवढे विसरू नका. आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरफार करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि काऊल इमारतीच्या बाहेरच्या अंगाला दिसणार असल्यामुळे इथे ती टाळता येणार नाही. अर्जासोबत पाईपच्या वाटेचे साधे रेखाचित्र जोडावे, आरसीसी भिंतीला किंवा तुळईला हात लावलेला नाही असे स्पष्ट लिहावे आणि काऊलचे तोंड शेजारच्या कोणत्याही खिडकीकडे नाही हे दाखवावे. ड्राय बाल्कनीच्या सरकत्या काचांची परवानगी पूर्वी घेतली नसेल, तर तीही याच अर्जात मागून घ्या, कारण पाहणीसाठी आलेल्या सदस्यांच्या नजरेस सर्वांत आधी त्या काचाच पडतील.

फिटरचे पैसे देण्यापूर्वी दिवाणखान्याची खिडकी थोडी उघडून चिमणी मधल्या वेगावर लावावी आणि फिल्टरखाली वर्तमानपत्राचा एक चतकोर धरून सोडावा. तो चिकटून राहिला तर ओढ ठीक आहे. मग बाहेर काऊलपाशी झडप पूर्ण उघडते का ते पाहावे, आणि चिमणी चालू असतानाच पाईपच्या प्रत्येक सांध्याजवळून पेटलेली उदबत्ती फिरवावी. सांधा गळत असेल तर उदबत्तीचा धूर तिथे हलतो, आणि त्या सांध्यावरची टेप त्याच माणसाकडून तिथल्या तिथे पुन्हा लावून घ्यावी.